चियांग माईच्या रविवारच्या बाजाराबद्दल: तुमच्या दोन स्टारना आमचं उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

आमच्या थायलंड टूरला तुम्ही दोन स्टार दिलेत आणि जवळजवळ सगळा राग चियांग माईच्या रविवारच्या नाइट मार्केटवर काढलात. हॉटेलं, गाड्या, विमानं यांबद्दल एक शब्द नाही, म्हणजे ते ठीक झालं असं मी धरून चालतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका बाजारासाठी कार्यक्रम उलटापालटा केला, तिथे नेऊन वाऱ्यावर सोडलं, शाकाहारी काही मिळालं नाही, 200 बाथला घेतलेली हत्तीच्या छापाची पँट पुढे 150 ला दिसली, आणि आईंनी हाक मारली तेव्हा आमचा टूर मॅनेजर पुतळ्यासारखा उभा राहिला. शिवाय त्या रात्रीच्या जेवणाचे पैसे परत हवेत. तुम्ही चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो.

आधी पुतळ्याचं सांगतो, कारण त्यावर बऱ्याच जणांनी लाइक ठोकलेत. थायलंडमध्ये रोज सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता राष्ट्रगीत लागतं. रविवारच्या बाजारात ते लाउडस्पीकरवर लागलं की रस्ताभर माणसं जागच्या जागी थांबतात. मी पाहिलंय, नारळाच्या दुधातले खानोम क्रोक, म्हणजे आपल्या आप्प्यांसारखा प्रकार, काढणारी बाई चमचा हवेत धरून सरळ उभी राहते, समोरचं गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं, आणि तव्यावरचे खानोम क्रोक तेवढा वेळ तसेच चरचरत राहतात. मिनिटाभराने गीत संपलं की चमचा पुन्हा चालू. आमचा मॅनेजर त्या वेळी थांबला नसता, तर मीच त्याला जाब विचारला असता. ही सूचना त्याने बसमध्ये माइकवर दिली होती. मागच्या सीटवर तेव्हा अंताक्षरी रंगात आली होती असं कळतं.

आता कार्यक्रमाचं. दोई सुथेपचं मंदिर संध्याकाळऐवजी पहाटे ठेवलं आणि तुमची झोप मोडली, हे खरं. पण राचादम्नोएन रस्त्यावरचा हा बाजार फक्त रविवारी भरतो. ‘रोजचं नाइट बझार हॉटेलजवळच होतं, तिथेच नेलं असतं तरी चाललं असतं,’ असं तुम्ही लिहिलंय. चांग ख्लान रस्त्यावरचं ते बझार रोज असतं, खरंय, आणि आपल्या बऱ्याच मंडळींनी ते आदल्या रात्री पाहिलंही. टी-शर्ट, बॅगा, मॅग्नेट घ्यायला ते उत्तम. पण माझ्या मते तेवढ्यासाठी चियांग माईपर्यंत जायची गरज नाही.

रविवारची गोष्ट वेगळी. जुन्या शहराच्या था फे दरवाजापासून वात फ्रा सिंग मंदिराच्या दिशेने गाड्या बंद करतात आणि एरवी वाहता रस्ता माणसांचा होतो. वाटेतल्या मंदिरांची अंगणं खाण्याच्या गाड्यांना मोकळी होतात. म्हणजे पाठीमागे सोनेरी शिखर आणि पुढे प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवणारं अख्खं कुटुंब. भर गर्दीत रस्त्याच्या मधोमध अंध वादक बसलेले असतात आणि लोक दोन्ही बाजूंनी वाट काढत जातात. डोंगराळ भागातल्या आखा जमातीच्या बायका लाकडी बेडूक विकतात. त्याच्या पाठीवरच्या खाचांवरून काडी फिरवली की तो डरावतो. तुमच्या मुलाने घेतलेला तोच, फोटोत दिसतोय. सा नावाच्या झाडाच्या सालीच्या कागदाचे कंदील, ह्मोंग जमातीचं भरतकाम, फुलांच्या आकारात कोरलेले साबण, यातलं बरंच विकणारा माणूस स्वतःच बनवणारा असतो, निदान त्याच्या घरातलं कोणी. 1296 साली वसलेल्या या शहराच्या ऐन पोटात हे चालतं. यासाठी पहाटे उठवलं तर उठवलं, असं मी म्हणेन. पुढच्या ग्रुपलाही उठवणार आहे.

‘वाऱ्यावर सोडलं’ याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ते आम्ही मुद्दाम करतो. अशा गर्दीत झेंड्यामागे तीस माणसं चालवली की कुणालाच काही दिसत नाही. पुढचे थांबले की मागचे अडकतात, आणि ज्याला बेडूक पाहायचा तो साबणापाशी खोळंबतो. म्हणून पाच वाजता, गर्दी व्हायच्या आत, दरवाजापाशी उतरवून भेटायची जागा आणि वेळ ठरवून दिली. मॅनेजर तिथून एका मंदिराच्या अंगणात बसून होता. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना तिथे बसायला खुर्च्या आणि स्वच्छतागृह दोन्ही होतं. तुमच्या आई दुसऱ्या तासापासून तिथेच होत्या आणि त्यांनी रस्त्याकडेच्या खुर्चीवर पायांचं मसाजही करून घेतलं, हे तुमच्या अभिप्रायात राहून गेलंय. बस आत का आली नाही, तर रस्ताच बंद असतो. मोठी बस जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या बाहेर थांबते आणि तेवढं चालावंच लागतं.

शाकाहाराचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. तिथे भाजी दिसली म्हणजे शाकाहारी झालं असं नसतं. फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस बहुतेक ठिकाणी पडतोच, सोमतममध्ये, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सुकी कोळंबी असते, आणि केळ्याच्या रोटीत न सांगता अंडं फोडतात. म्हणून प्रत्येकाला शाकाहारी असल्याचं थाई लिपीतलं कार्ड दिलं होतं. शिवाय पिवळ्या पताकेवरचं लाल चिन्ह शोधायला सांगितलं होतं, आपल्या नजरेला ते इंग्रजी 17 सारखं दिसतं. त्याचा उच्चार ‘जे’. ती पताका असेल तिथे मांस-मासे नाहीतच, अंडं-दूधही नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. आपल्या ग्रुपमधली जैन मंडळी तिथेच जेवली, तीही पोटभर. बटाटा-गाजर चालतं का, एवढं फक्त त्यांनी विचारून घेतलं. आंबा आणि चिकट भात, नारळाचं आइस्क्रीम, भाजलेलं कणीस हे तर उघडच होतं. तुम्ही कार्ड दाखवून पाहिलंत का, हे अभिप्रायावरून कळत नाही.

पँटचं म्हणाल तर बाजारात हे व्हायचंच. विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून तुमच्यापुढे धरते, तुम्ही तुमचा आकडा टाकायचा, हसायचं, पुन्हा टाकायचा. दोन घेतल्या तर आणखी उतरतं. खाण्याच्या गाडीवर घासाघीस करायची नसते, कपड्यांवर हलक्या हाताने चालते. मॅनेजरने तुमच्या वतीने भाव करावा ही अपेक्षा आम्ही पूर्ण करत नाही आणि करणारही नाही. आमच्या माणसाने एकदा भाव करायला सुरुवात केली की कुठल्या दुकानात न्यायचं हेही तोच ठरवू लागतो. मोठ्या शोरूममध्ये ग्रुप नेला की कमिशन मिळतं, हे या धंद्यात कुणापासून लपलेलं नाही. तुमच्या टूरमध्ये असं एकही शोरूम नव्हतं. 50 बाथ जास्त गेले ते त्या बाईंच्या गल्ल्यात गेले, आमच्या नाही.

पैसे परत देण्याबद्दल: छापील कार्यक्रमात त्या रात्रीपुढे ‘जेवण स्वखर्चाने’ असं आहे आणि त्या जेवणाची रक्कम तुमच्याकडून घेतलेलीच नाही. त्यामुळे परत करण्यासारखं काही नाही.

शेवटी, तुमच्या बहिणीने नोव्हेंबरचं बुकिंग केलंय आणि ते रद्द करावं का, असं तुम्ही विचारलंय. तो निर्णय त्यांचा. पावतीवरच्या अटींप्रमाणे अजून मुदत आहे. त्यांचा ग्रुप चियांग माईत शनिवारी असेल, म्हणजे त्यांना राचादम्नोएनऐवजी वुआ लाय रस्त्यावरचा शनिवारचा बाजार मिळेल. तो चांदीकाम करणाऱ्यांचा जुना भाग आहे, चियांग माई दरवाजाच्या दक्षिणेला. चांदी घ्यायची असेल तर तिथेच पाहावी. त्यांना सांगा, 20 आणि 100 बाथच्या नोटा भरपूर ठेवा, हजाराची नोट गाडीवर चालत नाही. बुद्धमूर्ती आवडली तरी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा आधी विचारा. आणि सहा वाजता कुठेही असलात तरी थांबा.