अडुळसा सगळ्यांसाठी निर्धोक नाही

अडुळशावरच्या तुमच्या लेखात ‘अडुळशाचा काढा घरातल्या कुणालाही बिनधास्त द्यावा’ असं म्हटलंय, ते कृपया दुरुस्त करा. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. पानांतल्या वासिसिन नावाच्या द्रव्यामुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं. आमच्या मोहोळ तालुक्यातल्या घरी वहिनीला पाचव्या महिन्यात खोकला झाला, तेव्हा आजीने काढा उकळायला ठेवलाच होता. सोलापूरच्या वैद्यबाईंना सहज फोन लावला म्हणून कळलं. आजीचं औषध खोटं नव्हतंच. खोकल्याच्या सिरपमधलं ब्रोमहेक्सिन याच वासिसिनवरून तयार झालंय. म्हणूनच अडुळसा जपून द्यायला हवा. जे खरंच काम करतं, ते नको तिथेही करतं. (आणखी एक, पानं नुसती कुटून रस फारसा निघत नाही. आजी ती आधी वाफवून पिळते आणि रस मधातून देते.)

लागवडीचं मात्र छान लिहिलंय, फक्त बियांच्या मागे लागू नका. पावसाळ्याच्या तोंडावर तीन-चार डोळ्यांची जून काडी बांधावर खोचली की झालं. आमच्या काळ्या रानात पाणी साचलं तिथल्या काड्या कुजल्या, बांधावरच्या सगळ्या जगल्या. शेळ्या तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणही आपोआप होतं. पांढरी फुलं आली की मधमाश्या नुसत्या घोंगावतात. पण गरोदरपणाची ती ओळ लेखात आजच टाका, आणि अगदी वर टाका.