पापलेटला अळ्या कोण घालतं?

‘मुंबईतले मासे आता गटारातल्या अळ्यांवर पोसलेले असतात. पापलेट, सुरमई घेऊ नका, पोटात किडे होतील. पूर्वीसारखं फिशमील घालायला सांगा.’ असा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. (फिशमील म्हणजे मासळी वाळवून, दळून केलेलं माशांचं खाद्य.) श्रावण पाळून गणपतीनंतर बाजार गाठायच्या बेतात असलेल्या मंडळींनी तो वाचून हाय खाल्ली आहे.

आधी पापलेट-सुरमई. हे मासे समुद्रात पकडले जातात आणि ससून डॉकला, भाऊच्या धक्क्यावर उतरतात. त्यांना कुणी खाद्य घालत नाही. खाद्याचा प्रश्न येतो तो तळ्यांत पाळलेल्या रोहू, कटला, तिलापिया किंवा हॉटेलात ‘बासा’ म्हणून पुढे येणाऱ्या पंगसबाबत. त्यातही रोहू-कटल्याच्या तळ्यांत आपल्याकडे मुख्यतः भाताचा कोंडा आणि पेंडच पडते.

अळी हे माशाचं खाणंच नव्हे? मग महापालिका विहिरींत आणि टाक्यांत गप्पी मासे सोडते ते काय शोभेला? डासांच्या अळ्या खाव्यात म्हणूनच ना!

खाद्यासाठी पाळतात ती ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ची अळी. ही घरमाशी नव्हे. तिची माशी चावत नाही, जेवणावर घोंघावत नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तिचं थोड्या दिवसांचं आयुष्य निघतं. अळी दोन-तीन आठवड्यांत भरली की ती उष्णतेने मारतात, वाळवतात, तेल काढून भुकटी करतात. तेल किती काढलं यानुसार भुकटीत साधारण ४० ते ६० टक्के प्रथिनं असतात. जिवंत काहीच उरत नाही. शिवाय आपण मासा रश्श्यात शिजवून नाहीतर रवा लावून तळून खातो, तेव्हा पोटातल्या किड्यांचं सोडून द्या.

‘गटारातल्या’ या शब्दाला मात्र मी थोडा मान देईन. अळी कशावर वाढली हे बघायलाच हवं, कारण तिच्या अंगात कॅडमियमसारखा जड धातू साठू शकतो. युरोपीय संघाने २०१७ साली मत्स्यशेतीत कीटकांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली, पण शेण किंवा हॉटेलातलं खरकटं कीटकांना घालायला तिथे बंदी आहे. हीच अळी ओल्या कचऱ्याचं खत करायलाही वापरतात. कसल्याही कचऱ्यावरची अळी कुणी तपासणीशिवाय माशांच्या खाद्यात वळवली, तर ओरडायला मीही येईन.

सगळ्यात डोकं फिरतं ते फिशमीलच्या शिफारशीने. किलोभर फिशमीलला चार-पाच किलो ओली मासळी लागते. पेरूमध्ये तर त्यासाठी अँचोव्ही या छोट्या माशाची मोठी मासेमारी चालते. २०२३ मध्ये जाळ्यात पिल्लंच फार येऊ लागली आणि तिथला त्या वर्षीचा पहिला हंगाम रद्द झाला. आपल्या किनाऱ्यावरही बारीक जाळ्यात सापडलेली पिल्लं फिशमीलच्या कारखान्यात जातात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला तो पिल्लं वाचावीत म्हणून. कोळणीच्या पाटीत मासा कमी, भाव जास्त, अशी कुरकूर आपणच करायची आणि वर हे मागायचं!

आक्षेपच घ्यायचा तर ओमेगा-३वर घ्या. मासे ज्यासाठी खा म्हणतात ती ईपीए, डीएचए ही चरबी या अळीत जवळपास नसते, म्हणून खाद्यात माशाचं तेल वेगळं घालावं लागतं. आणि किंमत? अळीची भुकटी फिशमीलपेक्षाही महाग पडते. कोंड्यावर वाढणाऱ्या रोहूसाठी कुठला तळेवाला एवढा खर्च करणार?