प्राण्यांविषयीच्या प्रश्नांना आपण उलटी उत्तरे देतो

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडे देवमाशापासून पिसवेपर्यंत कशाबद्दलही विचारणा होते, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती अशा प्रश्नांना आपण सगळे मिळून जी उत्तरे देतो त्यांच्याबद्दल. माझ्या मते यातले काही प्रश्न निव्वळ कुतूहलाचे असतात आणि काहींच्या उत्तरावर समोरच्या प्राण्याचे पुढचे काही तास अवलंबून असतात. कुतूहलाला सवड द्यावी लागते, तर निर्णयाच्या प्रश्नाला तातडीचे आणि ठाम उत्तर लागते. प्रत्यक्षात आपण नेमके उलटे करतो. कुतूहलाची एका वाक्यात बोळवण करतो आणि निर्णयाच्या प्रश्नावर चर्चासत्र भरवतो.

पालीची तुटलेली शेपटी का वळवळते, हा प्रश्न घ्या. ‘शत्रूला फसवायला’ हे उत्तर सर्वांना तोंडपाठ असते. ते खोटे नाही, पण फार तर पाव उत्तर आहे. निको टिनबर्गेन या वर्तनशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये असे मांडले की, प्राण्याच्या कोणत्याही वागण्याकडे चार बाजूंनी पाहावे लागते. ते शरीरात कसे घडते, त्या प्राण्याच्या वाढीबरोबर ते कसे बदलते, तगून राहण्यासाठी त्याचा काय उपयोग होतो आणि उत्क्रांतीच्या ओघात ते कुठून आले, या त्या चार बाजू होत. पुढे १९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेन्ट्स यांच्यासह टिनबर्गेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या या मांडणीचा उपयोग मात्र अभ्यासकांपुरताच राहिला, याचे मला वाईट वाटते, कारण एखाद्या दहा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नालाही ती तितकीच लागू पडते.

शेपटीवर ती लावून पाहू. पालीच्या शेपटीतल्या मणक्यांमध्ये मुळातच तुटण्यासाठी राखलेल्या कमकुवत रेषा असतात. स्नायू आवळले गेले की त्या रेषेवर शेपटी सुटते आणि रक्त फारसे वाहत नाही. मज्जारज्जूचा जो तुकडा शेपटीबरोबर जातो, तो मेंदूच्या आज्ञेविनाच तिथल्या स्नायूंना काही काळ हलवत राहतो. नीट निरखून पाहिले तर ही वळवळ एकसुरी नसते, असे लक्षात येते. डावीउजवीकडे लयीत हेलकावे चालू असताना मध्येच शेपटी एकदम उसळते आणि कोलांटी खाते, त्यामुळे झडप घालणाऱ्याला ती पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज येत नाही. पाल तेवढ्यात पसार झालेली असते. ही सुटका स्वस्तात होत नाही, कारण शेपटीत साठवलेली चरबी तिला गमवावी लागते. नवी शेपटी येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेचा एक अखंड दांडा असतो. म्हणून उगवलेला भाग पुन्हा त्याच पद्धतीने तुटू शकत नाही आणि पुढच्या वेळी तुटायचे तर धडाच्या अधिक जवळ तुटावे लागते. भिंतीवरच्या पालीची शेपटी मध्येच रंग आणि पोत बदलून थोडी जाडसर झालेली दिसली, तर तिच्यावर हा प्रसंग येऊन गेला आहे असे समजावे. आता उगमाकडे वळू. कॅप्टोऱ्हायनस या फार जुन्या सरीसृपाच्या सुमारे २८.९ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत शेपटीच्या मणक्यांवर अशाच रेषा सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पिल्लांमध्ये त्या ठळक होत्या, तर मोठ्या वयात त्या बुजत जात. डायनोसॉर येण्याच्या कितीतरी आधी, शिकाऱ्यांचे भय सर्वांत जास्त असणाऱ्या वयात ही युक्ती वापरात होती. एवढे सगळे सांगण्यासारखे असताना आपण दोन शब्द फेकून मोकळे होतो, आणि मुलाने पुढचा प्रश्न विचारला की त्याला गप्प बसवतो.

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हेही असेच एक फेकलेले उत्तर. एक वर्षाचे कुत्रे पिल्लांना जन्म देऊ शकते, पण सात वर्षांचे मूल मूलच असते, एवढे पाहिले तरी हा हिशेब कोसळतो.

काही प्रश्न कुतूहलाचे वाटतात, पण त्यांच्या उत्तराने प्राण्याशी आपले वागणे ठरते. चूक केल्यावर कुत्र्याला अपराधी वाटते का, हा त्यातला सर्वांत नेहमीचा प्रश्न आहे, आणि विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते, कारण मान खाली घातलेला, नजर चुकवणारा, शेपूट पायात घेतलेला कुत्रा त्याने स्वतः पाहिलेला असतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मालकाने कुत्र्याला खाऊ खायला मनाई करून खोलीबाहेर जायचे होते. परतल्यावर कुत्र्याने आज्ञा मोडली की नाही हे त्याला सांगितले जाई, मात्र ते दर वेळी खरे नसे. त्यातून दिसले ते असे की, तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसे, आणि काहीही न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तर तो अधिकच ठळक होता. कुत्र्याच्या मनात अपराधभाव असूच शकत नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. त्या चेहऱ्याला कबुलीजबाब मानून शिक्षा करणे मात्र चूक आहे, हे नक्की सिद्ध होते. तासाभरापूर्वी फाडलेल्या उशीचा आणि आत्ता चढलेल्या आवाजाचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढेच उमगते की समोरचा माणूस खवळला आहे.

जर्मनीतल्या हान्स नावाच्या घोड्याचीही हीच गोष्ट होती. खूर आपटून तो बेरीज-वजाबाकीची उत्तरे देई आणि त्याच्या मालकासह कित्येकांना तो गणिती वाटे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की, विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसले तर घोडाही चुकतो. माणसाच्या मानेची, चेहऱ्याची नकळत होणारी हालचाल टिपून तो योग्य आकड्यावर थांबत असे. गणितापेक्षा हे कसब मला अधिक थक्क करणारे वाटते.

आता निर्णयाच्या प्रश्नांकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. ‘मांजराला ताप वाटतो, पॅरासिटामॉलचा छोटा तुकडा देऊ का’ असे कोणी विचारले की उत्तरांचा पाऊस पडतो. कोणी मात्रा सुचवते, कोणी काढा, कोणी आपल्या मांजराचा अनुभव. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ एवढेच आहे. हे औषध निर्धोक करून बाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच तोकडी असते, त्यामुळे विषारी घटक साठतात, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात. माणसासाठी क्षुल्लक असलेली एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. गोळी आधीच पोटात गेली असेल तर मीठ पाजून उलटी काढण्याचा सल्ला देणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे, कारण मीठ स्वतःच विषासारखे बाधू शकते. लिलीची फुले, त्यांचे पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते. अशा वेळी ‘काय झाले असावे’ या चर्चेत गेलेला प्रत्येक तास मांजराच्या खात्यातून वजा होतो.

प्राणी चावल्यावरचा प्रश्नही असाच आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

विचारणाऱ्याच्या सुरावरून मात्र प्रश्नाची जात ओळखता येत नाही, हे ससा पाळणारे लोक मला नेहमी शिकवतात. ‘आमचा ससा स्वतःचीच विष्ठा खातो’ हे अत्यंत घाबरून सांगितले जाते आणि ‘आज सकाळपासून त्याने काही खाल्लेले नाही, मूड नसेल’ हे हसत हसत. पहिली गोष्ट पूर्णपणे नैसर्गिक आहे. सशाच्या आंधळ्या आतड्यात आंबलेल्या अन्नाच्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या गोळ्या तो गुदद्वारापाशी तोंड नेऊन थेट खातो आणि त्यातून जीवनसत्त्वे व प्रथिने मिळवतो. टणक, कोरड्या लेंड्या वेगळ्या असतात. दुसरी गोष्ट मात्र आणीबाणीची आहे, कारण सशाचे पचन अखंड चालू राहावे लागते आणि अर्धा दिवस खाणे व लेंड्या दोन्ही बंद झाले तर आतड्यांची हालचाल थंडावून तो दगावू शकतो.

म्हणून उत्तर देण्यापूर्वी मी उलट विचारतो की प्राणी आत्ता समोर आहे का, तो शेवटचे कधी जेवला, काही गिळले असल्यास किती आणि कधी. जमिनीवर सापडलेल्या पक्ष्याच्या पिल्लाबद्दल विचारणा असेल तर त्याच्या अंगावर पिसे आहेत का, एवढे कळले तरी निम्मे काम होते. पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपासच असतात. मांजर टपून बसलेले नसेल तर त्याला तिथेच राहू द्यावे. उघडेबोडके पिल्लू असेल आणि घरटे हाताशी असेल तर त्यात परत ठेवावे. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून आईबाप त्याला टाकतात, ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी कित्येक पिल्ले विनाकारण खोक्यात कोंडली जातात.

एवढे विचारून झाल्यावर अनेकदा मी फक्त ‘पशुवैद्याकडे न्या, आणि औषधाचे पाकीट किंवा चघळलेल्या झाडाची फांदी सोबत न्या’ एवढेच सांगतो. काहींना हे टाळाटाळीचे वाटते. शेपटीबद्दल अर्धा तास बोलणारा माणूस आजारी मांजराबद्दल एका ओळीत कसा आटोपतो, असे एकांनी मला सुनावलेही. त्यांचे मांजर बरे झाल्यावर बाकीचा अर्धा तास त्यांनी जरूर मागून घ्यावा.