जिन्नस बदलून मिळतील

माझ्या किराण्याच्या वहीत प्रत्येक पानावर दोन उभ्या रेघा आहेत. पहिल्या रकान्यात मूळ जिन्नस, दुसऱ्यात त्याच्या जागी आणलेला स्वस्त जिन्नस आणि तिसऱ्या, जरा अरुंद रकान्यात ‘वाचले’. या तिसऱ्या रकान्यावर माझा भारी जीव. महिनाअखेरीस त्याची बेरीज करताना मला स्वतःबद्दल जो आदर वाटायचा, तो नोकरीत कधी वाटला नाही. तिथे दुसऱ्यांच्या बेरजा होत्या.

वही घातली ती एका बिलामुळे. ते वाचताना मध्येच उठून पाणी प्यावं लागलं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. त्याच रात्री मी घरच्यांना समोर बसवून जाहीर केलं की यापुढे आपण कमी खाणार नाही, वेगळं खाणार. जे महाग आहे त्याच्या जागी त्याचा स्वस्त भाऊबंद आणायचा. चव तीच, खर्च निम्मा.

कन्येने विचारलं, “चव तीच असेल तर लोक महाग का घेतात?”

“सवय,” मी म्हणालो. अशा वेळी उत्तर एका शब्दात दिलं की वजन पडतं.

ही म्हणाली, “कर काय करायचं ते. पण एका वेळी एकच गोष्ट बदल. नाहीतर बिघडल्यावर कशाने बिघडलं ते कळायचं नाही.”

हा सल्ला मी वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिला आणि पान उलटलं.

अपवाद फक्त एका जिनसाला ठेवला, व्हॅनिलाला. मेव्हणीने प्रवासातून आणलेली अस्सल व्हॅनिला अर्काची काळी बाटली आमच्या फडताळात होती, तिला हात लावायचा नाही असं मी बजावलं. का नाही, हेही सांगितलं. व्हॅनिलाचं फूल उमलतं ते एकच दिवस. मूळच्या मेक्सिकोबाहेर वेल वाढायची, पण शेंग काही धरेना. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने हाताने परागण करून दाखवलं आणि आजही फुलाफुलाला माणसाचा हात लावावा लागतो. “अशा गोष्टीला बदली नसते,” मी म्हणालो आणि बाटलीचं बूच काढून वास घेतला. ही काही बोलली नाही. पोळपाट पुसत राहिली.

काही बदल जमले, आणि जमले म्हणूनच त्यांच्यात सांगण्यासारखं काही नाही. डब्यातल्या शिजवलेल्या घेवड्याऐवजी सुका घेवडा आणला, रात्री भिजत घातला, सकाळी शिजवला. कोणाला पत्ता लागला नाही. गोठवलेले मटार तर कित्येकदा ‘ताजे’ म्हणून आणलेल्या मटारपेक्षा गोड निघाले. पण अशा यशाने माणूस बिघडतो. मी कॉफीकडे वळलो.

कॉफीच्या जागी चिकोरी. चिकोरीचं मूळ भाजून दळलं की रंग कॉफीचा, कडूपणा कॉफीचा, आणि सर्दी झाली असेल तर वासही कॉफीचाच. ही युक्ती काही माझी नव्हे. १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटनची आर्थिक नाकेबंदी जाहीर केली, युरोपात कॉफी दुर्मीळ झाली आणि लोकांनी चिकोरीवर दिवस काढले. त्याच्याही आधी, १७७७ मध्ये, प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक कॉफीपायी देशाबाहेर जाणारा पैसा बघून इतका कळवळला, की रयतेने कॉफी सोडून बिअर प्यावी असा त्याने जाहीरनामाच काढला. पुढे चोरून कॉफी भाजणाऱ्यांना पकडायला निवृत्त सैनिक नेमले. त्यांचं काम एकच, रस्त्यारस्त्यातून वास घेत हिंडायचं. एवढ्या राजाला सैनिक लावून जे साधलं नाही, ते मी एका पुड्यात साधणार होतो.

रीत अशी की चिकोरी कॉफीत थोडी मिसळतात. मी मिसळली नाही. अर्धवट काटकसर मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर शांत झालं. कन्या कपाळाला हात लावून खिडकीत बसली होती, ही डोळे मिटून आडवी होती आणि माझ्या उजव्या भुवईच्या वर कोणीतरी खलबत्त्यात काहीतरी कुटत होतं. चिकोरीत कॅफीन नसतं. हे पुड्यावर छापलेलंही होतं, गुण म्हणून. ज्याला कॅफीनची सवय आहे त्याने ते एकदम तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं आणि हे प्रकरण नऊ दिवसांपर्यंत लांबू शकतं, हे मात्र पुड्यावर नव्हतं. शिवाय चिकोरीच्या मुळात इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. तो आपल्याला पचत नाही, पण आतड्यातल्या जिवाणूंना फार आवडतो, आणि जेवण झाल्यावर ते वायू सोडतात. जास्त तपशिलात जात नाही. त्या आठवड्यात मी मिटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरून बसत होतो.

डोकेदुखीच्या गोळ्या आणल्या. त्या मी वहीत मांडल्या नाहीत. औषध किराण्यात धरत नाहीत.

चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती वासाने. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आणि फटीतून खऱ्या कॉफीचा वास येत होता. फ्रेडरिकचा निवृत्त सैनिक माझ्यात खडबडून जागा झाला. पाऊल न वाजवता गेलो, दार ढकललं. ओट्याला टेकून मायलेकी कप तोंडाला लावून उभ्या. कोणी काही बोललं नाही. मी फडताळातून तिसरा कप काढला आणि पुढे केला.

इतक्यावर शहाण्याने वही मिटली असती. पण त्याच रविवारी कन्येच्या मैत्रिणी यायच्या होत्या आणि बदामाची बिस्किटं करायचं ठरलं होतं. बिस्किटं मी करीन, असं मी म्हणालो. कृती समोर ठेवली आणि पेन्सिल घेऊन महागाचे जिन्नस खोडायला बसलो.

पहिले गेले बदाम. त्यांच्या जागी सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया. दळून पूड केली की कोण ओळखतो?

मग लोणी. त्याच्या जागी डब्यात मिळणारं ‘कमी चरबीचं’ पसरायचं लोणीसदृश काहीतरी. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो. माझ्या डब्यावर ४० लिहिलं होतं. उरलेल्या ६० टक्क्यांत काय असेल याचा विचार मी केला नाही; लोणी करणाऱ्याने केला असेल असं धरून चाललो. ते पाणी होतं.

शेवटी बेकिंग पावडर. इथे मला स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं, ते लपवत नाही. बेकिंग पावडरच्या डबीवर वाचलं: सोडा, कोरडं आम्ल आणि स्टार्च. म्हणजे फुगवण्याचं काम करणारा एकटा सोडा, बाकी नुसती भरती! ही भरती मी का पोसायची? नुसता सोडा आणला आणि कृतीत जितके चमचे पावडर होती तितकेच चमचे सोडा घातला. नुसता सोडा पावडरच्या तिप्पट-चौपट जोरकस असतो आणि ते ‘भरतीचं’ आम्लच त्याला ताळ्यावर ठेवत असतं, ही माहिती मला उशिरा मिळाली. ऑफिसातही असंच होतं. काही न करणारा वाटतो म्हणून एखाद्याला काढावं, आणि मग कळतं की साहेबांना आवरायचं काम तोच करत होता.

पीठ हाताला चिकटलं, हात भांड्याला चिकटला. तरी कशीबशी चोवीस बिस्किटं थापली. भट्टीतून निघाली ती चांगली तपकिरी, जरा जास्तच तपकिरी. कुरकुरीत म्हणाल तर नव्हती. दाबलं की दबायची आणि दबून तशीच राहायची. एक चाखून बघितलं. मागाहून जिभेवर साबणासारखं काहीतरी रेंगाळत होतं. मी वरून पिठीसाखर भुरभुरवली. “निदान व्हॅनिला तरी अस्सल आहे,” मी हिला म्हणालो. “सुगंध बघ नुसता.” तिने मान डोलावली.

रात्री बिस्किटं डब्यात भरून ठेवली. सकाळी कन्येने डबा उघडला, एक बिस्कीट मोडलं आणि हाक मारली, “बाबा, यांना बुरशी आलीय.”

“एका रात्रीत? चोवीसच्या चोवीस?”

पण मोडलेला तुकडा बघितला आणि बोलती बंद झाली. कडा तपकिरी, आणि आतलं सगळं हिरवं. पिस्त्यासारखं म्हणता आलं असतं तर मीच म्हटलं असतं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की खालच्या कोपऱ्यात जो हिरवा धरतो, तो. दुसरं मोडलं, हिरवं. सहावं मोडलं, हिरवं. सोळावं मी न मोडता ठेवून दिलं, निदान एक तरी बदामी असेल या आशेवर.

ती बुरशी नव्हती. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं. एरवी ते आपलं गप्प बसून असतं, पण सोडा जास्त होऊन पीठ अल्कधर्मी झालं की ते बियांतल्या प्रथिनांशी संगनमत करतं आणि हिरवा रंग धरतो, बहुधा बिस्कीट गार झाल्यावर, म्हणजे करणारा निश्चिंत झोपलेला असताना. खाल्लं तर काही अपाय नाही. नावातल्या ‘क्लोर’चा क्लोरीनशी संबंध नाही, तो ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थच फिकट हिरवा. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं. आणि हे आम्ल भरपूर कशात असतं? कॉफीच्या दाण्यांत. हा निव्वळ योगायोग असेल, पण मला त्यात जुना हिशेब चुकता केल्याचा वास आला.

नुसत्या बिया बदलल्या असत्या तर बिस्किटं हिरवी झाली नसती. नुसता सोडा घातला असता तरी नाही, फार तर साबण लागला असता. दोन्ही बचती एकाच भांड्यात भेटल्या म्हणून हे झालं. वहीचं पहिलं पान मी हिच्या नजरेला पडू नये म्हणून चिकटवून टाकावं का, असा विचार क्षणभर आला. पण त्यासाठी डिंक विकत आणावा लागला असता.

मनाच्या समाधानासाठी लोण्याच्या बदल्यांचा इतिहास वाचला. मार्गारीन १८६९ मध्ये इपोलित मेज-मूरिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने गुरांच्या चरबीपासून बनवलं. सैन्याला आणि गोरगरिबांना स्वस्त लोणी मिळावं म्हणून तिसऱ्या नेपोलियनने बक्षीस लावलं होतं. हा चिकोरीवाल्या नेपोलियनचा पुतण्या. घराण्यातच होतं म्हणायचं. पुढे अमेरिकेत लोणीवाले इतके चिडले की न्यू हॅम्पशायर राज्याने मार्गारीन गुलाबी रंगवूनच विकावं असा कायदा केला, गिऱ्हाईक फसू नये म्हणून. १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. माझ्या बिस्किटांनी, रंग वेगळा असला तरी, तो कायदा स्वखुशीने पाळला.

मैत्रिणी आल्या. कन्येने डबा तसाच पुढे केला आणि “राक्षसाची बिस्किटं” म्हणून खपवला. पाच मिनिटांत डबा रिकामा. साबणाची तक्रार एकीनेही केली नाही. या पिढीचं मला कळत नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो, या वेळी शिकून. सोडा पाव चमचा, आणि दुधाच्या जागी ताक. दुधाची तहान ताकावर भागवू नये म्हणतात, पण सोड्याचं मत वेगळं आहे. त्याला आम्ल लागतं आणि ते ताकात आयतं असतं. लोणी खरं घेतलं. बिया त्याच. बिस्किटं छान बदामी झाली आणि दुसऱ्या दिवशीही बदामीच राहिली. कन्येने एक मोडून बघितलं आणि “हिरवी का नाही झाली?” म्हणून तोंड पाडलं.

त्याच घाण्यात व्हॅनिलाची बाटली संपली. मी ती उलटी करून तळव्यावर ठोकली, शेवटचा थेंब पिठात पाडला आणि पिशवी घेऊन निघालो. या एका गोष्टीत काटकसर नाही म्हणजे नाही.

“थांब,” ही म्हणाली. स्टुलावर चढून तिने माळ्यावरच्या डब्यांमागून प्लॅस्टिकची एक मोठी बाटली काढली. आत पाण्यासारखं पांढरं स्वच्छ काहीतरी होतं आणि वरच्या कागदावर ‘व्हॅनिला इसेन्स’. तिने काळ्या बाटलीत नरसाळं बसवलं आणि सराईतपणे, एक थेंब बाहेर न सांडता, गळ्यापर्यंत भरली. काळ्या काचेतून रंग दिसायचा प्रश्नच नव्हता.

व्हॅनिलिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा १८७४ मध्ये जर्मनीत तयार झालं, पाइनच्या झाडातल्या एका घटकापासून. फूल नाही, काडी नाही, बारा वर्षांचा मुलगा नाही. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी मी एवढंच विचारलं, “कधीपासून?”

“ताईची बाटली दोन महिन्यांत संपली. ही पाचवीत होती तेव्हा.”

कन्या आता बारावीत आहे.

“सांगितलं का नाहीस?”

“तू इतक्या आवडीने वास घ्यायचास,” ती म्हणाली.

मी वही आणली. पहिल्या रकान्यात ‘व्हॅनिला, अस्सल’ लिहिलं, दुसऱ्यात ‘इसेन्स’, आणि तिसऱ्यावर पेन्सिल टेकवून थांबलो.

“सात वर्षांत किती वाचले असतील?”

“मोजले नाहीत,” ती म्हणाली, आणि काळ्या बाटलीचं बूच घट्ट लावून ती फडताळात जागच्या जागी ठेवली.