स्प्रिंग बसवू कशावर?

महिंद्राची सीजे-थ्रीबी जीप चालवणाऱ्याला आपल्या पाठीत मणके किती हे वैद्याला विचारावं लागत नाही. गगनबावड्याचा रस्ता एकेक करून मोजून दाखवतो. माझी गाडी १९७० सालची. पुढचे पाटे, म्हणजे एकावर एक पट्ट्या रचलेले स्प्रिंग, काढून वेटोळ्यांचे कॉइल स्प्रिंग घालावेत, एवढीच माझी माफक इच्छा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मेस्त्री गाडीखाली सरपटले, चासीवर म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर हातोडी वाजवली आणि तिथूनच म्हणाले, “बसवतो की साहेब. पण बसवू कशावर?”

पाटा आपलं ओझं दोन टोकांनी चासीवर वाटून देतो. कॉइल सगळा भार एकाच जागी आणून आदळते, त्याने चासीला पीळ बसतो. आणि या जीपची चासी म्हणजे दोन लांब, एका अंगाने उघडी चॅनल. मध्ये रिबिटांनी जोडलेले आडवे तुकडे. असलं चॅनल वजन पेलतं, पीळ सोसत नाही. माझा चेहरा कोराच बघून मेस्त्रींनी विश्वकर्म्याच्या फोटोपुढचं उदबत्तीचं पुठ्ठ्याचं नळकांडं उचललं. अखंड होतं तोवर ते पिळवेना. पात्याने उभी चीर पाडली, तसं चकलीसारखं वळलं. देव एका नळकांड्याला मुकले, पण मला पटलं. चॅनलच्या उघड्या अंगाला पट्टी मारून पेटी करायची ठरली.

खरा छळ इथून सुरू झाला. सलग वेल्डिंग मारलं तर लोखंड गार होताना आकसतं आणि चासीला वाकडं ओढतं. म्हणून इंचभर टाका डावीकडे, मग पार उजवीकडे, मग चहा. दर चहाला चासीच्या कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्णांची मापं; सारखी भरली तरच चासी सरळ. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरक आला की मेस्त्री माझ्याकडे असं बघायचे, जणू रात्री येऊन मीच चासीला खांदा लावला होता. पट्टीचं टोकही सरळ कापायचं नाही, तिरकं निमुळतं करायचं. नाहीतर जिथे पट्टी संपते तिथेच पुढे तडा जातो. “ताकद दिली की दुखणं सरकतं साहेब,” मेस्त्री म्हणाले. पावसाचं पाणी निघायला खालून भोकं पाडली, आणि पुन्हा चहा.

शेवटचा टाका गार होतोय तोच वकील मेव्हणा आला. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. मात्र गाडी मूळ रूपात हवी, चासीत फेरफार नको, हे त्याने चवीने वाचून दाखवलं. “दाजी, आता ही धड जुनीही नाही आणि नवीही नाही.” फेरफाराची परवानगी हे आणखी वेगळं प्रकरण, ते त्याने फुकटात सांगितलं नाही.

गाडी पुढून मात्र झकास झाली. चासी आता जराही हलत नाही, त्यामुळे बाकी काय काय हलतंय ते स्वच्छ ऐकू येतं. काचेची चौकट, बॉनेटची कडी, टपाच्या दांड्या. मागच्या बाकावरून सौ. काय म्हणते तेही. मागचे पाटे अजून कंपनीचेच आहेत.