आयता प्रेक्षक? कुठला!

व्हीट्यूबर, म्हणजे स्वतःऐवजी अ‍ॅनिमेटेड पात्र पडद्यावर आणणारे स्ट्रीमर, यांच्यावरच्या लेखातलं 'व्हीट्यूबरने ट्विचवरच सुरुवात करावी, तिथे प्रेक्षक आयता मिळतो' हे वाक्य काही पटलं नाही. ट्विच या लाइव्ह स्ट्रीमिंगच्या साइटवर एखादा गेम उघडा, गर्दीवाले चॅनेल वर दिसतात. चार जण बघत असलेल्या नवख्यापर्यंत स्क्रोल करत कोण जातंय! कुणा मोठ्या चॅनेलवाल्याने रेड पाठवली, म्हणजे आपले प्रेक्षक त्याच्याकडे वळवले, तर नशीब.

गॉर गुरा ही व्हीट्यूबर मला पहिल्यांदा दिसली ती जेवताना, यूट्यूबने आपणहून पुढे केलेल्या क्लिपमध्ये. नुसतं 'अ' म्हणते, बस्स. लाइव्ह बघायला लागलो ते नंतर. सप्टेंबर २०२० मध्ये आलेली ही शार्क पोरगी ऑक्टोबर संपायच्या आत दहा लाख सबस्क्रायबरवर! होलोलाइव्ह या व्हीट्यूबर एजन्सीचं नाव पाठीशी होतं, पण चाहत्यांनी कापलेल्या क्लिपांचा लेखात उल्लेखही नसावा? आयर्नमाउस ही दुसरी व्हीट्यूबर ट्विचवर मोठी झाली, मान्य. तिच्याही क्लिपा मी यूट्यूबवरच बघतो.