4 जून 2024 ची शेअर बाजारातली पडझड ‘इतिहासातली सर्वात मोठी’ नव्हे

‘लोकसभा निकालाच्या दिवशी सेन्सेक्स इतिहासात सर्वाधिक कोसळला, आघाडीचं सरकार आलं की बाजार बसतोच,’ असा मेसेज फिरतोय. (सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक.) त्यातली पहिली गोष्ट अर्धी खरी आहे आणि दुसरी चुकीची.

4 जून 2024 ला सेन्सेक्स 4,390 अंकांनी घसरून 72,079 वर बंद झाला. अंकांत हा तोवरचा विक्रमच, पण टक्केवारीत घसरण जेमतेम पावणेसहा. 23 मार्च 2020 ला, कोरोनाच्या धास्तीने, बाजार 13 टक्क्यांहून जास्त पडला होता. निर्देशांक 70 हजारांच्या वर गेल्यावर अंक मोठे दिसणारच!

शिवाय आदल्याच दिवशी, एक्झिट पोलच्या भरवशावर, सेन्सेक्स अडीच हजार अंक उसळला होता. म्हणजे पडला तो बराचसा आदल्या दिवशीचा फुगा. 7 जूनला तर सेन्सेक्स 76,693 वर, 3 जूनच्याही वर बंद झाला.

राहिला आघाडी सरकारचा मुद्दा. लोकसभा निकालानंतर, आघाडी सरकार येणार म्हणून, 17 मे 2004 ला सेन्सेक्स 11 टक्के आपटला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. तरी डॉ. मनमोहन सिंग यांच्या आघाडी सरकारच्या काळात त्याच वर्षअखेरीस तो 6,600 च्या वर होता. मेसेजमध्ये हे सोयीस्करपणे गाळलंय.